टाळ्यांना घाबरणाऱ्याची डॉक्टरीण

सर्व संबंधितांना, आणि विशेषतः ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा सर्वांना, कळवण्यात येते की नाशिक शहरी, इंदिरानगरात, आमच्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर माणसाच्या वासनेचं मूळ एकदा सापडलं होतं. ते मटार सोलताना सापडलं. या घटनेची दखल कोणत्याही वैद्यकीय परिषदेनं घेतलेली नाही, वर्तमानपत्रांनी घेतलेली नाही, आणि आमच्या सोसायटीनं घेतली ती फक्त तक्रार म्हणून. तेव्हा ही जबाबदारी आता माझ्यावर येऊन पडली आहे. मी घसा खाकरतो आणि सुरुवात करतो.

शोध लावणारीचं नाव डॉ. निकमबाई. बाई मूळच्या सटाण्याकडच्या. अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून भरलेल्या. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. मुंबईला मानसोपचाराचं शिक्षण, मग कितीतरी वर्षं सरकारी नोकरी, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ती सोडून त्या आमच्या डोक्यावर, म्हणजे अगदी माझ्याच छतावर, राहायला आल्या. पुढच्या खोलीत दवाखाना, मागे संसार. संसारात त्या एकट्याच. बोलणं एरवी पुस्तकी म्हणावं इतकं स्वच्छ. पण राग आला, आनंद झाला किंवा दूध उतू गेलं की एकदम अहिराणी. "काय व्हयनं रे भाऊ?" ही आरोळी मला खाली माझ्या दिवाणखान्यात ऐकू यायची आणि मी उगाचच दचकून माझ्या तब्येतीचा विचार करू लागायचो.

बाईंच्या दारावरची पाटी हा आमच्या गल्लीतला एक प्रेक्षणीय नमुना होता. तिच्यावर मन नाही, विकार नाही, काही नाही. फक्त एवढंच: ‘झोप, भूक, भीती व इतर.’ मी एकदा विचारलं, हे काय? तर म्हणाल्या, "वेड्यांची डॉक्टर अशी पाटी लावली तर शहाणे कसे येतील वर?" झोपेसाठी बरेच यायचे, भुकेसाठी थोडे, पण खरी गर्दी असायची ती ‘इतर’ची. एखादा भारदस्त गृहस्थ जिन्यात मला गाठायचा, आजूबाजूला बघायचा आणि आवाज खाली आणून विचारायचा, "ते... इतरसाठी कुठं जायचं?" मी गंभीर चेहऱ्यानं वर बोट दाखवायचो.

आपला आवाज भिंतीपलीकडे जातो हे बाईंना ठाऊक होतं. म्हणून बाहेर पेशंट बसायचे तिथं एक रेडिओ असायचा आणि तो पूर्ण आवाजात चालू असायचा. संध्याकाळी शेतीचे कार्यक्रम लागायचे. त्यामुळे बाईंकडे महिनाभर नियमित येणाऱ्या माणसाची भीती गेली असेल-नसेल, पण कांद्यावरच्या करप्याबद्दल तो अधिकारवाणीनं बोलू लागायचा.

आता मटाराचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथंच आहे.

बाई पेशंटला खुर्चीत बसवून समोर टेबलापलीकडे बसत नसत. सतरंजीवर बसवायच्या, मध्ये ताट ठेवायच्या आणि त्यात त्या दिवसाची भाजी ओतायच्या. थंडीत मटार, पुढं वालाच्या शेंगा, नाहीतर बारमाही मेथी आहेच. मग दोघांनी मिळून निवडायचं आणि बोलायचं. त्यांचं म्हणणं, "डोळ्यांत डोळे घालून विचारलं की माणूस खोटं बोलतो. लबाडीनं नाही, घाबरून. हाताला काम दिलं अन् नजरेला ताट दिलं की जीभ आपोआप सुटते. बायका जन्मभर अशाच बोलत आल्यात. पुरुषांना कुणी कधी निवडायला बसवतच नाही, म्हणून त्यांचं सगळं आतल्या आत कुजतं."

आत शिरणाऱ्याला पहिली सूचना ठरलेली: "लाज बाहेर चपलेशेजारी ठेव. जाताना हवी असली तर घेऊन जा, नाहीतर मी सकाळी केरात लोटून देईन."

साहजिकच सोसायटीत तक्रार गेली. अनोळखी पुरुष येतात, खाली मान घालून जातात आणि डॉक्टरीण त्यांच्याकडून घरकाम करून घेते. रविवारी सकाळी गच्चीवर सभा बोलावली. अध्यक्षस्थानी आमचे चेअरमन गोसावी, ज्यांचा चेहरा कायम नुकताच कुणीतरी अपमान केल्यासारखा असे. बाई आल्या त्या मटाराचं मोठं गाठोडं घेऊनच. वर्तमानपत्रं पसरली, सगळ्यांच्या पुढ्यात ढीग ओतला आणि म्हणाल्या, "चालू द्या सभा. हात मात्र रिकामे नकोत."

पहिली दहा-पंधरा मिनिटं तक्रारी झाल्या. मग शेंगा फुटल्याचा तेवढा आवाज राहिला. आणि अचानक गोसावी खाली बघत म्हणाले, "माझा सख्खा भाऊ पंचवटीत राहतो. बोलत नाही माझ्याशी. रात्र-रात्र डोळ्याला डोळा लागत नाही हो." तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "मला रडू आलं की मी मिक्सर लावते. घरात चटण्याच चटण्या झाल्यात." एक सद्गृहस्थ नाव न सांगण्याच्या अटीवर बोलायला लागले, सगळे त्यांच्या शेजारीच बसले होते. सभा संपली तेव्हा तक्रारीचा विषय कुणाला आठवत नव्हता. बाई सोललेले दाणे गोळा करून खाली गेल्या. कुणाला मूठभरसुद्धा दिले नाहीत.

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर आता रंगमंचावर श्रीकांत येतो.

श्रीकांत हे त्याचं खरं नाव नव्हे. हे लिहू का म्हणून मी त्याला विचारलं, तेव्हा त्यानं अट घातली की नाव बदल आणि मला आहे त्याच्यापेक्षा उंच कर. तर श्रीकांत हा सहा फूट उंच, देखणा माणूस होता. अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला, आणि आमच्या हौशी नाट्यमंडळाचा नायक. मी त्या मंडळाचा दिग्दर्शक, म्हणजे खुर्च्या मोजणारा आणि सगळ्यांवर ओरडणारा. बाईंच्या खोलीत पुढं जे घडलं ते मला श्रीकांतनंच सांगितलं. बाईंनी कधी एक अक्षर काढलं नाही. मी खोदून विचारलं तर म्हणायच्या, "छतातून जेवढं गळतं तेवढ्यावर भागव."

श्रीकांतचं दुखणं असं, की तो गायब व्हायचा. महामार्गावरचे लॉज, जिथं नाव विचारत नाहीत. नावही माहीत नसलेल्या बाया. पुढं सायबर कॅफे निघाले तेव्हा तिथल्या प्लायवूडच्या खोपटांत तासन्‌तास. पगार व्हायचा, तो जायचा. शपथा व्हायच्या, त्याही जायच्या. लोकांना वाटायचं, मजा मारतो लेकाचा. त्यात मजा नावालाही नव्हती. तो म्हणायचा, "परत येताना वाटतं, कुणीतरी मला पोत्यात घालून बडवलंय. आणि बडवणारा मीच."

त्याची बायको सुनंदा घोटीची. वडिलांची भाताची गिरणी. शांत मुलगी, इतकी शांत, की तिचा आवाज कसा आहे हे आमच्या मंडळात फारसं कुणाला माहीत नव्हतं. तिनं बरीच वर्षं हे पाहिलं, गिळलं आणि शेवटी माहेरी सांगितलं.

मग रोगनिदानाला ऊत आला. ‘अंगात उष्णता’ यावर सर्वांचं एकमत. एका वैद्यानं गुलकंद आणि सब्जा सुरू केला, वांगं बंद केलं. कारखान्यातल्या मित्रानं पहाटे थंड पाण्याच्या आंघोळी घालायला लावल्या. श्रीकांतला त्यातून फक्त सर्दी झाली. आणि सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, असा उपाय काढला की जो फक्त आपल्याकडेच कुणाला सुचू शकतो. त्यांनी जावयाचा जाहीर सत्कार ठेवला.

अण्णांचा विचार सरळ होता. "मान्साला मान दिला की त्यो वागायला लागतो. आख्ख्या घोटीसमोर शाल घातली, मंग कुठं जाईल त्यो?"

गिरणीच्या आवारात मंडप. बाजारपेठेतले सगळे व्यापारी हजर. नाट्यकलेची सेवा केल्याबद्दल शाल, श्रीफळ आणि एक भलंमोठं सन्मानचिन्ह. भाषणांवर भाषणं. माझंही झालं, आणि चांगलं झालं, हे मला विनयानं नमूद केलं पाहिजे. टाळ्यांनी गिरणीचे पत्रे थरथरले. आणि सत्काराला उत्तर देण्यासाठी नाव पुकारलं तर सत्कारमूर्तीची खुर्ची रिकामी.

श्रीकांत घोटीला परतला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. शाल खांद्यावर तशीच. तो कुठून आला हे त्याच्या तोंडाकडे बघून कुणालाही कळलं असतं. सुनंदानं शालीकडे बघितलं आणि म्हणाली, "या वेळी मी भांडणार नाही. दमले मी. तुम्ही जा नाशिकला. मी इथंच राहते." आणि आत निघून गेली. श्रीकांत मला म्हणाला, तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिचं ते शांत बोलणं ऐकून त्याला पहिल्यांदा समजलं की आता घर खरंच जातंय.

मी त्याला हाताला धरून माझ्या जिन्यापर्यंत आणला आणि वर बोट दाखवलं.

"मी इतरसाठी आलोय," तो दारात म्हणाला.

"बूट काढ," बाई म्हणाल्या. "अन् बाकीचंही तिथंच ठेव. बस."

त्यानं सतरंजीवर बसताच पापांचा पाढा सुरू केला. त्याला तो तोंडपाठ होता. रंगमंचावरच्या माणसाला सगळंच लवकर पाठ होतं. बाईंनी हात वर केला. "काय केलंस ते नको सांगू. ते ऐकून माझे कान विटलेत, सगळ्यांचं सारखंच असतं. आधी तुझं रक्त तपासून आण, अन् बायकोलाही तपासायला सांग. तो तिचा हक्क आहे. आता हे मटार घे. एक शेंग सोल अन् एक वेळ आठव. पळालास त्याच्या तासभर आधी काय झालं होतं? कोण काय म्हणालं? तेवढंच सांग, अन् टरफल इथं पुढं ठेव."

श्रीकांत सोलत गेला. एक टरफल: त्या दिवशी स्पर्धेचा निकाल लागला होता. दुसरं: कारखान्यात साहेबानं सगळ्यांदेखत पाठ थोपटली. तिसरं: नाटकाचा प्रयोग रंगला, लोक आत भेटायला आले. एक टरफल लग्नाच्या वाढदिवसाचं, सुनंदाच्या बहिणी त्याचं कौतुक करत होत्या. शेवटचं घोटीचं. सतरंजीवर हिरवी रांग लागली.

बाईंनी एकेका टरफलावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "यातलं एक तरी असं दाखव, की कुणी तुला शिव्या घातल्या, नाटक पडलं, साहेब ओरडला, अन् तू पळालास."

त्यानं रांग पुन्हा पुन्हा पाहिली. तसं एकही नव्हतं.

आणि मी खाली माझ्या दिवाणखान्यात चहा पीत होतो, तेव्हा वरून ती आरोळी आली, रेडिओ फाडून: "अरे भाऊ! तुले टाळ्यास्नी भीती वाटस!"

माझा चहा सांडला. पुढचं सगळं मला नंतर कळलं.

बाईंनी त्याला विचारलं, "तुझ्या आयुष्यातली पहिली टाळी कुणी वाजवली?" श्रीकांत हसला. मग हसू थांबलं, हातातली शेंग तशीच राहिली.

तो येवल्याचा. प्राथमिक शाळेत असताना भाषणाच्या स्पर्धेत त्याचा पहिला नंबर आला. पळत घरी आला तर ओसरीवर माणसंच माणसं. आई दिसेना. ती बरेच दिवस आजारी होती. "आई मामाकडं गेलीय," कुणीतरी म्हणालं, आणि लगेच दुसऱ्यानं विषय बदलला: "नंबर आला ना रे? कसं केलंस भाषण? करून दाखव बरं!" त्याला पाटावर उभं केलं. त्यानं भाषण केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो पुन्हा म्हणाला, आई कुठंय? "शाब्बास रे! अजून एकदा!" पुन्हा टाळ्या. त्यानंतर कितीतरी दिवस हेच. आलेगेले त्याला पाटावर उभं करत, भाषण करवून घेत, गोड बोलत. कुणी वाईट नव्हतं त्यात. पोराचं मन रमावं म्हणून बिचारे हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवत होते. आई गेली हे त्याला कुणी सांगितलंच नाही. पुढं केव्हातरी ते त्याचं त्यालाच समजलं.

बाईंनी ताट बाजूला सारलं. हे श्रीकांतच्या लक्षात राहिलं, कारण निवडणं अर्धवट ठेवलेलं त्यांना कुणाचंही चालत नसे.

मग म्हणाल्या, "म्हणजे टाळी वाजली की तुझ्या अंगाला कळतं, घरात कुणी नाही. डोक्याला कळत नाही, अंगाला कळतं. मग अंग धावत सुटतं. कुणीही चालेल, पण कुणीतरी असलं पाहिजे. लोक याला भूक समजतात. ही भूक नाही रे. भुकेला जेवल्यावर समाधान असतं. तू धापा टाकत जातोस अन् धापा टाकत येतोस. ही शोधाशोध आहे, अन् भलत्याच गल्लीत."

श्रीकांत ढसाढसा रडला. मग डोळे पुसून, नटच तो, म्हणाला, "म्हणजे सापडलं ना कारण? मी आता बरा?"

"वा रे वा!" बाई कडाडल्या. "कारण म्हणजे नुसता पत्ता. पत्ता मिळाला म्हणून घर आलं का? चालत जावं लागेल आता. पाय दुखतील."

पुढच्या आठवड्यात त्यांनी सुनंदाला बोलावलं. ती अण्णांना घेऊन आली. अण्णा फेटा सावरत बसले, पुढ्यात आलेल्या शेंगांकडे संशयानं बघत राहिले. बाईंनी श्रीकांतला स्वतःच्या तोंडानं सगळं सांगायला लावलं. अण्णांचा विश्वास बसेना. "डॉक्टरीणबाई, मान दिला म्हनून मानूस बिघाडला, असं मी उभ्या जन्मात ऐकलं नाय."

"तुमचा हेतू चांगला होता अण्णा. पण औषध म्हणून दिलात तो रोगच होता. सोला."

सुनंदा मात्र शेंगांना हातच लावत नव्हती. ती म्हणाली, "मला समजलं सगळं. लहानपणी वाईट झालं यांचं. मग मी आता काय करू? रागवायचं पण नाही का?"

श्रीकांतनं मला सांगितलं, की या प्रश्नाला बाई काय म्हणतात याची त्याला सगळ्यात जास्त भीती होती. बाई उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या. "रागव. पाहिजे तेवढं रागव. त्याचं कारण कळलं म्हणून तुझं दुःख खोटं ठरत नाही. कारण समजणं म्हणजे माफी नव्हे. तू परत जावंस असं मी तुला कधीही सांगणार नाही. तुला वाटलं तर जा, नाही वाटलं तर नको."

अण्णांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, "सोला, अण्णा."

घोटीला परतताना सुनंदानं श्रीकांतला एवढंच सांगितलं: "मी बघते. वचन देत नाही."

बाईंची शिकवण तशी साधी होती. टाळ्या पडल्या, कौतुक झालं, की आत जे उठतं ते तोंडानं म्हणायचं. लाजून पोटात ठेवायचं नाही. आणि ज्याला म्हणायचं तो ओळखीचा माणूस हवा, नाव माहीत असलेला. श्रीकांतनं पहिला प्रयोग कारखान्यात केला. साहेब म्हणाले, "वा, छान काम झालं!" श्रीकांत म्हणाला, "साहेब, मला फार भीती वाटतेय." साहेब इतके घाबरले की त्यांनी पुन्हा कधी कुणाचंच कौतुक केलं नाही. कारखान्यात लोक आजही त्याला त्याबद्दल शिव्या देतात.

मधे एकदा तो घसरला. हे मी लपवत नाही, तोही लपवत नाही. दुसऱ्याच दिवशी तो वर गेला आणि दारातच सगळं सांगून मोकळा झाला. बाईंनी त्याच्यापुढे मेथीची जुडी टाकली आणि म्हणाल्या, "आधी काय झालं होतं?" बस्स. ना उपदेश, ना हळहळ. तो म्हणतो, त्या दिवशी पहिल्यांदा त्याला परत येताना पोत्यात बडवल्यासारखं वाटलं नाही. आणि त्यानं स्वतः होऊन ते सुनंदालाही कळवलं. फोनवर तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवलात का?"

त्यानंतरच्या हिवाळ्यात हौशी नाटकांची स्पर्धा आली. श्रीकांत काम करायला तयार नव्हता. मी बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "करेल. पाण्याला घाबरणारा जन्मभर विहिरीला वळसा घालत नाही चालू शकत." आणि श्रीकांतला त्यांनी एवढंच सांगितलं की स्पर्धेला मी येईन, पण टाळी वाजवणार नाही, माझ्याकडून अपेक्षा ठेवू नकोस.

बाई पुढं लवकरच सगळं आवरून सटाण्याकडे, बागलाणात, आपल्या गावी निघून गेल्या, आणि तिथंच त्यांनी पाटी लावली. त्यामुळे मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्या दुपारी, नाट्यगृहात.

प्रयोग दुपारचा होता. सुनंदाला निरोप धाडला होता, उत्तर आलं नव्हतं. श्रीकांत मेकअप करताना मला दर दोन मिनिटांनी विचारायचा, "घोटीची माणसं आली?" मी पडद्याच्या फटीतून बघायचो. अण्णा दिसले, पहिल्या रांगेत, फेटा बांधून. त्यांच्या काखेत एक संशयास्पद गाठोडं होतं. बाईंनी जाऊन ते उघडायला लावलं, आतली शाल जप्त केली आणि स्वतःच्या पिशवीत घातली. सुनंदा मात्र अण्णांजवळ नव्हती. मग नाट्यगृहातले दिवे मालवले आणि मला कुणीच दिसेनासं झालं.

नाटक झालं. कसं झालं ते मी सांगणार नाही, कारण दिग्दर्शक मीच होतो आणि लोकांना ते पुरतं ठाऊक आहे. पडदा पडला तेव्हा आख्खं नाट्यगृह उभं होतं. स्पर्धेतला शेवटचा प्रयोग आमचाच, त्यामुळे निकाल तिथल्या तिथं जाहीर होणार होता. अभिनयाचं पहिलं पारितोषिक श्रीकांतला. टाळ्या थांबेचनात. प्रमुख पाहुण्यांनी त्याचा हात वर धरला, स्तुती सुरू केली, आणि ती संपायचं नाव घेईना. मी विंगेतून श्रीकांतकडे बघत होतो. त्याचा चेहरा पांढरा पडत चालला होता. विंगेच्या मागं रस्त्याकडं उघडणारं दार आहे. त्याची नजर दोनदा तिकडं गेली. मी त्या दाराला पाठ लावून उभा राहिलो. खरं सांगायचं तर मला त्या उंच माणसाला अडवता आलं नसतं.

पाहुणे म्हणाले, "आता विजेत्यांनी मनोगत व्यक्त करावं." श्रीकांत माइकजवळ गेला. सभागृह शांत झालं. तो काहीच बोलेना. लोकांना वाटलं, भारावलाय. कुणीतरी त्याला धीर द्यायला पुन्हा टाळ्या सुरू केल्या, आणि आख्ख्या सभागृहानं त्या उचलल्या.

त्या टाळ्यांच्या वर, माइकमधून, फाटलेल्या आवाजात श्रीकांत म्हणाला, "थांबा हो. कृपा करून थांबा. मला फार भीती वाटतेय. सुनंदा आलीय का? सुनंदा कुठंय?"

टाळ्या कापल्यासारख्या थांबल्या. एवढ्या मोठ्या सभागृहात पंखे तेवढे ऐकू येत होते. पाहुणे चुळबुळले. अण्णा अर्धे उठले, वळून मागं शोधू लागले. आणि मला बाई दिसल्या. मधल्या वाटेशेजारच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी, दोन्ही हात त्या पिशवीवर घट्ट दाबलेले. एवढी मोठ्या आवाजाची बाई, जिच्या एका आरोळीनं माझा चहा सांडायचा. तिला त्या क्षणी काय वाटेल ते ओरडता आलं असतं. पण ती ओरडली नाही. ओठ मिटून, सावकाश, सगळं अंग वळवून तिनं मागच्या रांगांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा उजळला, की कुठं बघायचं ते मला तिच्या तोंडावरून कळलं.

शेवटून दुसऱ्या रांगेत, खांबाच्या आडोशाला, सुनंदा उभी होती. प्रवासाची पिशवी अजून खांद्यावर. तिचा आवाज कसा आहे हे आमच्या मंडळाला त्या दिवशी कळलं, आणि बाहेर रिक्षा लावून उभ्या असलेल्यांनाही कळलं असणार:

"अहो, इथं आहे मी, इथं! तिथं काय उभे राहिलात, या की खाली!"